मोठ्यांची चित्रपुस्तके

संपादक महाशय,

मोठ्यांसाठीच्या चित्रपुस्तकांना मराठीत वाचक नक्की आहे, व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांच्या शब्दविरहित चित्रांवर प्रौढांनीही भरभरून प्रेम केले. पण व्यंगचित्रकाराची रेघ छपाईत मार खाते, याचे फार वाईट वाटते. शाईची रेघ ३०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांवर) करड्या छटांत स्कॅन केली, की छपाईत तिच्या कडा ठिपक्यांनी फुटतात. ती १२०० डीपीआयवर निव्वळ काळी-पांढरी घ्यावी. जोडपानावरचे चित्र पाने डिंकाने चिकटवलेल्या बांधणीत मधोमध गिळले जाते. चेहरे घडीपासून १५ मिलिमीटर तरी दूर ठेवावेत, किंवा पाने शिवूनच बांधणी करावी. ७० जीएसएम (दर चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाच्या) कागदावर मागचे चित्र उमटते, १२० हवा. आणि अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदारांनो, ही पुस्तके बालविभागात ठेवू नका!

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे