बाद दिलं, पण का ते कोण सांगणार?

परभणी,
17 नोव्हेंबर 2024

प्रिय बाळ्या,

तुझा मेसेज वाचला. ‘अंकितनं गुमान मैदान सोडायला पाहिजे होतं’, एवढंच लिहिलंस. फोन केला असता तर माझा आवाज चढला असता, म्हणून पत्र लिहायला बसलो. बाहेर प्रचाराच्या गाड्यांचे भोंगे चालू आहेत, दार लावून घेतलंय.

नियमानं तुझं खरं आहे. अंपायरनं बोट वर केलं की निघायचं, हे आपल्याला गल्लीत खेळायचो तेव्हापासून माहीत आहे. पण पुण्याजवळ गहुंज्याला झालं काय ते बघ. सेनादलांच्या सर्व्हिसेस संघाविरुद्ध महाराष्ट्राचा रणजीचा सामना, आपला कप्तान ऋतुराज गायकवाड भारत ‘अ’ संघाबरोबर ऑस्ट्रेलियात, म्हणून कप्तानी आपल्या अंकित बावणेकडं. बॅटची कड घेऊन चेंडू स्लिपमध्ये गेला, हातात जायच्या आधी त्याचा टप्पा पडला, अपील झालं आणि बाद दिलं. अंकित जागचा हलला नाही. पंधराएक मिनिटं खेळ खोळंबला. व्हिडिओत टप्पा उघड दिसतो, ऋतुराजनं तो लांबून पाहून इन्स्टाग्रामवर टाकला. पण या सामन्याला डीआरएस, म्हणजे रिप्ले बघून निर्णय तपासून घ्यायची सोयच नव्हती, मग पोरानं दाद मागायची कुठं? शेवटी एका सामन्याची बंदी त्याच्याच माथी आली.

बंदीबद्दल माझी तक्रार नाही. कुणीही उठून अडून बसायला लागला तर खेळ होणारच नाही. मला जे डाचतंय ते वेगळं आहे. निर्णय चुकला की बरोबर होता, हे कुणी जबाबदार माणूस पुढं येऊन बोललं का? खेळाडूची शिक्षा पेपरात छापून येते, मानधनातून किती टक्के कापले तेही येतं. अंपायरचा अहवाल मात्र आतल्या आत जातो. ज्यानं तिकीट काढलं, जो रात्रभर जागला, त्याला काही कळत नाही.

तू म्हणशील, अंपायरला घालवा म्हणतोस का? अजिबात नाही. 2008 ची सिडनी कसोटी आठव. ऑस्ट्रेलियाचा सायमंड्स 30 वर होता, कड आपल्याला इथं टीव्हीवर ऐकू आली होती, नाबाद दिला आणि तो 162 वर नाबाद राहिला. त्यावर एवढा गहजब झाला की पुढच्या पर्थ कसोटीतून अंपायर बकनरला काढलं. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. माणूस हटवला म्हणजे उत्तर दिलं असं होत नाही. आणि डीआरएस आला तर आपल्याच बोर्डानं 2016 पर्यंत त्याला हातभर लांब ठेवलं, याचा राग तर माझा अजून गेलेला नाही.

उत्तर कसं द्यायचं, हे कधीकधी जमतंसुद्धा. याच एप्रिलमध्ये आयपीएलला कोलकात्याच्या ईडनवर हर्षित राणाच्या फुलटॉसवर कोहली बाद झाला. चेंडू कमरेच्या वर होता, नो-बॉल आहे म्हणून तो केवढा भडकला होता! तो क्रीजच्या बाहेर उभा होता. क्रीजवर चेंडू किती उंचीवर आला असता ते मोजून पडद्यावर दाखवलं: 0.92 मीटर. त्याच्या कमरेची उंची हंगामाआधीच मोजून ठेवली होती, 1.04 मीटर. म्हणजे निर्णय नियमाला धरून होता. त्याची बेंगळुरू 1 धावेनं हरली, तरी माझ्यासारख्याला झोप लागली, कारण हिशेब समोर होता. तेच 2019 ला याच संघाला मुंबईच्या मलिंगाच्या शेवटच्या चेंडूवर काय मिळालं? पाय रेषेच्या पुढं पडला होता आणि कुणी बघितलंच नाही. लोकांनी बोंब मारली, म्हणून 2020 पासून आयपीएलमध्ये पायाचा नो-बॉल तिसरा अंपायर बघायला लागला. तेव्हा आपण ओरडतो ते वाया जात नाही, हेही ध्यानात घे.

कबड्डीत तर मागच्या वर्षी हांगझोऊला हद्द झाली. एशियाडची फायनल, इराणशी 28-28 बरोबरी, आणि आपल्या पवन सेहरावतच्या चढाईनंतर तासभर खेळ बंद. पवन कुणाला न शिवता लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीत गेला, मागोमाग इराणचे पकडायला गेले. जुन्या नियमानं तेही बाद, नव्या नियमानं फक्त पवन बाद. सोनं आपल्याला मिळालं, 33-29. माझ्या घरात फटाके वाजले, पण मला गोड लागलं नाही. कोणता नियम लागू आहे हे फायनलला भांडून ठरवायचं?

तुला आपल्या स्टेडियमवरचे ते म्हातारे अंपायर आठवतात? लेदर बॉलच्या स्पर्धेत तुला पायचीत दिलं होतं आणि तू पॅड आपटत गेला होतास. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तुला परत खेळपट्टीवर नेलं, बुटाच्या टाचेनं मातीत तुझ्या पायाची खूण केली, तिथून स्टंपापर्यंत रेघ ओढली आणि म्हणाले, ‘‘इथं लागला, अन् इकडं चालला होता. आता तू सांग.’’ तू काही बोलला नाहीस, पण दुपारी त्यांच्याच शेजारी बसून डबा खाल्लास. त्यांच्याकडं ना कॅमेरा ना मानधन, नुसतं चहापाणी.

तेवढंच मला हवंय रे. सामना संपल्यावर अंपायरनं किंवा सामनाधिकाऱ्यानं दोन ओळी सांगाव्यात, हे दिसलं म्हणून हे दिलं, इथं चुकलं. आणि रणजीला निदान झेलाचा रिप्ले तरी बघू द्यावा. बीडच्या, जालन्याच्या पोरांचं सगळं करिअर याच सामन्यांवर ठरतं. आयपीएलच्या एका धावेसाठी एवढी यंत्रं असतात, मग त्यांच्या डावाला काहीच किंमत नाही का?

सोयाबीन अजून घरातच आहे, भाव बघून विकीन. आईची तब्येत बरी आहे, वहिनींना नमस्कार सांग. बुधवारी मतदानाला येशीलच, तेव्हा अंकितचा तो व्हिडिओ आपण दोघं शेजारी बसून बघू आणि मग तू मला सांग, तू त्याच्या जागी असतास तर हलला असतास का.

तुझाच,
दत्ता