वजाबाकीत उरलेल्यांचे केंद्रीय गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय गृहमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

सविनय नमस्कार.

जनगणनेचे काम आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे. येत्या जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर झाला, तेव्हा आमच्या कैकाडी वस्तीत पेढे वाटले गेले होते. १९३१ नंतर या देशाने सगळ्या जातींचे आकडे प्रसिद्ध केलेले नाहीत. आता निदान नातवंडांना तरी आपण किती आहोत हे कळेल, असे म्हाताऱ्या माणसांना वाटले. पुढे पहिल्या टप्प्याची, म्हणजे घरयादीची प्रश्नावली जाहीर झाली आणि त्या पेढ्यांची चव गेली. कुटुंबप्रमुख कोणत्या वर्गातला, याला तिथे तीनच उत्तरे आहेत: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती किंवा इतर. आमच्यासारख्या विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी चौथे उत्तर ठेवावे, असे सरकारला वाटलेले नाही.

दुसऱ्या टप्प्यात प्रत्येकाला जात विचारली जाणारच आहे, तेव्हा ही तक्रार घाईची आहे, असे आपले अधिकारी सांगतील. त्यांना आमच्या नगरपरिषदेच्या हद्दीत एकदा फिरवून आणण्याची माझी तयारी आहे. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक शहराच्या तक्त्यात एकूण लोकसंख्या असते, अनुसूचित जातींची असते, अनुसूचित जमातींची असते आणि तिथे समाजाचा विषय संपतो. उरलेले लोक कोण, हे वाचणाऱ्याने वजाबाकी करून समजून घ्यायचे. आमच्या वीस-बावीस हजारांच्या गावात त्या वजाबाकीत पाटील आहेत, वाणी आहेत, ब्राह्मण आहेत, आणि ओढ्यापलीकडचे कैकाडी, दगड फोडणारे वडार, भट्टी लावून बसलेले घिसाडी, नंदीवाले, गोसावी, वैदू हेही सगळे त्यातच आहेत. माझ्या अंदाजाने गावात शंभरातले पंधरा जण तरी आमच्यापैकी असतील. अंदाज चुकीचा असेल तर खरा आकडा आपण द्यावा. तो आपल्याकडे नाही, हेच तर माझे म्हणणे आहे.

आमच्या वस्तीला लागून पारध्यांची पाले आहेत. त्यांतला फासेपारधी महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आहे, म्हणून तो मोजला जातो. शेजारच्या पालातला राजपारधी विमुक्त जातींत येतो, म्हणून तो वाणी-ब्राह्मणांबरोबर वजाबाकीत जातो. चोरी झाली की पोलिसांची गाडी मात्र दोन्ही पालांपुढे थांबते. तिथे वर्गवारीचा घोळ कधी होत नाही. आमची कथा याहून विचित्र आहे. कैकाडी माणूस अकोल्यात, अमरावतीत किंवा नागपुरात अनुसूचित जातीचा असतो आणि पश्चिम महाराष्ट्रात विमुक्त जातीचा. बंजारा तेलंगणात अनुसूचित जमातीचा, कर्नाटकात अनुसूचित जातीचा आणि आपल्याकडे विमुक्त. जिल्ह्याची किंवा राज्याची हद्द ओलांडली की माणूस बदलतो, असे संशोधन जगात अन्य कुठे झाले असल्यास कृपया कळवावे.

महोदय, आम्हाला मोजता येत नाही असे कोणी म्हणू नये, कारण आमची मोजणी झालेली आहे. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली इंग्रजांनी आमची नावे नोंदवली, अंगठ्यांचे ठसे घेतले, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहती केल्या आणि तिथे हजेरी लावली. माझ्या आजोबांचे नाव अशा हजेरीत होते. परवान्याशिवाय बाहेर गेलेला माणूस किती वाजता परतला, हे त्या सरकारला ठाऊक असे. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि आम्ही विमुक्त झालो. एवढे विमुक्त झालो की सरकारी कागदातूनही सुटलो. १९५१ पासूनच्या कोणत्याही जनगणनेत विमुक्त आणि भटक्यांची संख्या म्हणून एकही आकडा छापलेला नाही. गुन्हेगार ठरवताना ज्या राज्यव्यवस्थेला आमचे घर न् घर सापडत होते, तिला शाळा द्यायच्या वेळी आमची वस्ती नकाशावर सापडत नाही.

याची किंमत माझ्या घराने मोजली आहे आणि ती इथे लिहिण्यावाचून मला राहवत नाही. मुलीला परिचारिका व्हायचे होते. गुण होते, जागाही मिळत होती, फक्त जातीचे प्रमाणपत्र हवे होते. विमुक्त जातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. त्या साली माझे वडील गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव कणग्या आणि टोपल्या विणत फिरत होते. ज्याला कुठल्याच गावाने आठवड्यापलीकडे राहू दिले नाही, त्याच्या कायम वास्तव्याचा दाखला त्याच गावांकडून आणायचा! मी आजोबांच्या वसाहतीतल्या नोंदीचा जुना कागद कार्यालयात नेला. तो बघून तिथल्या बाबूसाहेबांनी शेजारच्याला हाक मारून दाखवला आणि दोघे हसले. माझ्या आजोबांवर चोरीचा शिक्का मारणारा कागद सरकारनेच दिलेला होता, पण जात सिद्ध करायला तो पुरेसा सरकारी नव्हता. घरी येऊन चौकशी करा, अशी विनंती मी केली. साहेबांना वेळ नव्हता. प्रवेशाची मुदत टळली. मुलगी आज दुसऱ्यांच्या शेतात खुरपणीला जाते आणि मी या विषयावर काही बोलू लागलो की उठून बाहेर जाते.

अर्थात आपल्यापुढे राष्ट्रीय प्रश्न असतात, तेव्हा राष्ट्रीय हिशेबच मांडतो. विमुक्त-भटक्यांच्या प्रश्नांसाठी आधी रेणके आयोग बसला, मग इदाते आयोग. इदाते आयोगाने बाराशेंहून अधिक जमातींची नोंद केली आणि त्यांपैकी अडीचशेहून अधिक जमाती अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती किंवा मागासवर्ग अशा कुठल्याच यादीत नाहीत, असे सांगितले. आमची लोकसंख्या कोणी दहा कोटी सांगतो, कोणी पंधरा. मी वीस कोटी म्हणालो तरी ते खोडून काढायला आपल्याकडे काय आहे? आपल्या सरकारने २०२२ मध्ये आमच्यासाठी ‘सीड’ नावाची योजना सुरू केली आणि पाच वर्षांसाठी २०० कोटी रुपये ठेवले. दहा कोटी हाच आकडा धरला तर माणशी वर्षाला चार रुपये पडतात. वीस कोटी धरला तर दोन. आमची मोजणी टाळण्यामागे आमची लाज राखण्याचाच हेतू असेल, तर आम्ही ऋणी आहोत.

जातींचा गोंधळ फार आहे, ही सबब आम्ही ऐकली आहे. १९३१ मध्ये ४,१४७ जाती होत्या आणि २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत ४६ लाखांहून अधिक नावे आली, असे केंद्राने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. लोकांनी पोटजात सांगितली, आडनाव सांगितले, कुळ सांगितले. प्रगणकांनी जसे ऐकले तसे लिहिले. म्हणून तो आकडा पुरला गेला. पण नावांची छाननी करून यादी लावणे हे सरकारचे काम होते. ते झाले नाही म्हणून आम्ही नाहीसे व्हायचे, हा कुठला न्याय? ज्यांचे वाडे गावाच्या मध्यावर आहेत त्यांना त्या गोंधळाची झळ लागत नाही, कारण त्यांची संख्या मतपेटीतून आपोआप कळते. आमदार, कारखान्याचा अध्यक्ष, बँकेचा संचालक, सगळे त्यांना नावाने ओळखतात. आमच्याकडे प्रत्येक पक्षाचा माणूस निवडणुकीच्या आदल्या रात्री येतो आणि त्या एका रात्रीपुरती आमची डोकी त्याला तोंडपाठ असतात. इंग्रजांना हजेरीसाठी, पक्षांना मतासाठी आणि पोलिसांना संशयितांसाठी आम्ही मोजता येतो. फक्त राज्यघटनेने दिलेले वाटायची वेळ आली की साऱ्या व्यवस्थेचे गणित कच्चे होते, आणि यात दिल्ली, मुंबई, तालुका असा भेद मला दिसलेला नाही.

तरीही मागणे मागणे हे आमचे काम आहे. दुसऱ्या टप्प्याच्या प्रश्नावलीत विमुक्त, भटक्या आणि अर्धभटक्या जमातींना स्वतंत्र संकेतांक द्यावा. एकाच जमातीची निरनिराळ्या राज्यांतली नावे एकत्र दाखवणारी यादी प्रगणकांच्या हाती आधीच असावी. ‘कैकाडी’ ऐकून ‘म्हणजे कोण?’ असे विचारणाऱ्याला वस्तीवर पाठवू नये. बेघरांची मोजणी २०११ मध्ये २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकली गेली. त्या दिवसांत आमची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीवर, वीटभट्ट्यांवर किंवा जत्रांच्या वाटेवर असतात, हे लक्षात घेऊन फडांवर आणि पालांवर आधीपासून माणसे नेमावीत. आणि आकडे राज्यापुरते न ठेवता प्रत्येक नगरपरिषदेचे, प्रत्येक गावाचे प्रसिद्ध करावेत, म्हणजे ओढ्यापलीकडे नळ का नाही, याचे उत्तर ‘तिकडे फारसे कोणी राहत नाही’ असे मुख्याधिकाऱ्यांना देता येणार नाही.

१ मार्च २०२७ ही जनगणनेची संदर्भ तारीख आहे. त्याआधी हे सर्व करणे अवघड नाही, कारण यासाठी कायदा बदलावा लागत नाही. उत्तर पाठवणार असाल तर ‘आपले निवेदन योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे’ हे वाक्य कृपया पाठवू नये. त्याच्या बऱ्याच प्रती माझ्याकडे आहेत.

आपला,
पश्चिम महाराष्ट्रातील एक कैकाडी नागरिक