परवाना दिलात, आता बंदूक दुरुस्त करणाराही दाखवा

मा. जिल्हा दंडाधिकारी व कलेक्टर, ग्वाल्हेर यांस,

सादर नमस्कार.

हे पत्र मराठीत लिहितो आहे, कारण ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या ज्या जुन्या मराठी घरांत वडिलोपार्जित दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची छर्ऱ्याची बंदूक, अजून कपाटात उभी आहे, त्यांनी ते आधी वाचावे आणि आपापली अडचण त्याला जोडावी. हिंदी प्रत आपल्या कार्यालयात रीतसर देतोच आहे.

मागणी सुरुवातीलाच सांगून टाकतो. जिल्ह्यात बंदुकीची दुरुस्ती आणि फेरफार करण्याचा परवाना कोणाकोणाकडे आहे, आणि त्या परवान्यात नेमके कोणते काम करण्याची मुभा आहे, ही यादी आपण जाहीर करावी.

ग्वाल्हेरला बंदूक नवी नाही. चंबळच्या या पट्ट्यात खांद्यावर बारा बोअरची बंदूक घेऊन बँकेत आलेला माणूस पाहून कोणी वळूनही बघत नाही. परवान्यासाठी इथे काय काय करवून घेतले गेले हेही सगळ्यांना आठवते. 2019 मध्ये याच जिल्ह्यात अर्जदाराला दहा झाडे लावून त्यांच्यासोबतचा फोटो द्यावा लागत होता, पुढे गोशाळेतल्या गायींसाठी कांबळी मागितली गेली. झाडांबद्दल माझी काही तक्रार नाही, ती जगली असतील तर उत्तमच. पण परवाना देताना इतका विचार करणाऱ्या प्रशासनाने, ही बंदूक उद्या बिघडली तर माणूस ती कोणाकडे नेईल, याचा विचार केल्याचे कुठे दिसत नाही. महादजी शिंद्यांच्या फौजेसाठी त्यांच्या पदरच्या द बॉइन या युरोपीय सेनानीने आग्र्याला तोफांची ओतशाळा उभी केली होती. त्याच शिंद्यांच्या राजधानीत आज फायरिंग पिन (काडतुसावर आपटून ते उडवणारी खीळ) नीट बसवून देणारा माणूस शोधायचा तर ओळखीपाळखीवर भिस्त ठेवावी लागते.

कायदा काय म्हणतो ते आपल्याला सांगायला नको, पण वाचकांसाठी थोडे लिहितो. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 प्रमाणे बंदूक बनवणे आणि विकणे यांच्याच जोडीला तिची दुरुस्ती, रूपांतर आणि चाचणी यांनाही परवाना लागतो. कलम 6 प्रमाणे नळी आखूड करायला वेगळी परवानगी लागते. 2019 च्या कायदादुरुस्तीनंतर या दोन्ही कलमांच्या भंगाची शिक्षा किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी झाली आहे. शिक्षा कडक असण्याला माझा विरोध नाही. कापलेल्या नळीची बंदूक कोटाखाली मावते, आणि ती कशासाठी कापली जाते हे या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

माझा मुद्दा कलम 29 चा आहे. समोरच्या माणसाला शस्त्र बाळगण्याचा कायदेशीर हक्क आहे याची आधी खात्री करून न घेता जो आपले शस्त्र त्याच्या हवाली करतो, तो स्वतःच गुन्हेगार ठरतो. म्हणजे मिस्त्रीकडे बंदूक टाकण्यापूर्वी त्याचा परवाना तपासणे हे कायद्याने माझ्यावर टाकलेले काम आहे. ते मी आनंदाने करीन. पण कसे करू? दुकानाच्या भिंतीवर फ्रेममध्ये लावलेला कागद विक्रीचा आहे की दुरुस्तीचा, त्याची मुदत संपली का, आत बसलेला कारीगर त्या परवान्याखाली काम करतो की शेजारच्या लेथवाल्याकडे माल पाठवतो, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही. एका ठिकाणी मी सरळ परवाना दाखवा म्हणालो, तर उत्तर आले, ‘भाऊसाहेब, काम करून घ्यायचंय का तपासणी करायला आलात?’ मी बंदूक उचलून घरी आलो. सगळेच असे उठून येत नाहीत. चाप अडकलेला असतो, घरात लग्न नाहीतर शेतावर रानडुकरांचा उपद्रव असतो, आणि माणूस म्हणतो, जाऊ दे, लवकर करून दे म्हणजे झाले.

(लग्नाचा उल्लेख केला म्हणून सांगतो, वरातीत बार काढणे 2019 पासून स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी मांडवात बार निघतात. तो विषय वेगळा, त्यावर लिहायला बसलो तर हे पत्र संपणार नाही.)

आता ‘जाऊ दे’ची किंमत काय असते ते जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या शस्त्र शाखेत बसणाऱ्या बाबूंनाही ते ठाऊक असेलच असे नाही. लष्करातल्या घरांतून ज्या जुन्या विलायती दुनळ्या आहेत, त्यांतल्या पुष्कळांचे चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती जागा, अडीच इंचाची आहे, सुमारे 65 मिलिमीटर. आज बाजारात मिळणारी बहुतेक काडतुसे 70 मिलिमीटरची. घोळ असा की 70 चे न उडालेले काडतूस 65 च्या चेंबरमध्ये बिनतक्रार बसते. बंदूक मिटते आणि सगळे ठीक वाटते. कारण 70 हा आकडा काडतूस उडून त्याचे दुमडलेले तोंड उघडल्यानंतरचा असतो. बार निघताना ते तोंड चेंबरच्या पुढे, नळी जिथे निमुळती होत जाते तिथे उघडते, छर्ऱ्यांची वाट आवळली जाते आणि दाब वाढतो. एका बाराने काही होणार नाही, दहानेही नाही कदाचित. पण नळीची भिंत जुनी असेल, आतून गंजून पातळ झालेली असेल, तर एक दिवस ती फाटते आणि फाटते ती डाव्या हाताच्या पंजाजवळ.

हे ज्याला कळते तो मिस्त्री आधी नळीखालचे सपाट भाग बघतो. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे ठसे तिथे असतात. बर्मिंगहॅमचे प्रूफ हाऊस 1813 च्या कायद्याने सुरू झाले, आणि तिथे प्रत्येक नळी नेहमीपेक्षा जास्त भाराचा बार काढून तपासली जाते. पुष्कळ नळ्यांवर चेंबरची लांबी आणि ती धूरविरहित दारूसाठी, म्हणजे आजच्या काडतुसांत असते त्या दारूसाठी, तपासली आहे की नाही हे कोरलेले सापडते. काही नळ्या दमास्कस पद्धतीच्या असतात, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून बनवलेल्या, वर सुरेख नक्षी दिसते. त्यांतल्या बऱ्याचशा काळ्या दारूच्या जमान्यातल्या आहेत. खंडेनवमीला पूजेत मांडायला त्यांच्याइतकी शोभिवंत वस्तू नाही, पण धूरविरहित दारूसाठी तपासल्याचा ठसा नसेल तर आजचे काडतूस त्यांत घालू नये. चांगला कारीगर हे तोंडावर सांगतो आणि काम घेत नाही. ज्याला कळत नाही, किंवा कळूनही पैसे हवे असतात, तो म्हणतो, चेंबर वाढवून देतो, रीमर (भोक कोरून मोठे करायचे हत्यार) आहे माझ्याकडे. दाब सर्वांत जास्त असतो नेमक्या त्याच जागेचे धातू खरवडून काढायचे आणि मग नळीची पुन्हा चाचणी न करता गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची! ब्रिटनमध्ये असे फेरफार करून नळी प्रूफच्या मापाबाहेर गेली, तर नव्याने प्रूफ केल्याशिवाय ती बंदूक विकता येत नाही. आपल्याकडे ती संध्याकाळी घरी येते.

चोकचीही तीच गत. नळी तोंडाशी, शेवटच्या काही इंचांत, किंचित आवळलेली असते, तोच चोक; फुल चोक म्हटला तरी जेमतेम एक मिलिमीटर. तेवढ्याने छर्ऱ्यांचा फैलाव बदलतो. तोंडाला पोचा पडला म्हणून ‘दोन इंच कापून टाकू’ म्हणणारा मिस्त्री त्या मालकाचा चोक घालवतो आणि त्याच वेळी त्याला कलम 6 मध्ये अडकवतो. मालकाला दोन्ही गोष्टींचा पत्ता नसतो. पोचा आतून ठोकून काढता येतो. ते सावकाशीचे काम आहे, आणि ते करणारे हात इथे मोजके उरले आहेत. चांगल्या कारीगरांची मुले दुसऱ्या धंद्यांत गेली, त्यांना मी दोष देत नाही.

दस्त्याचा, म्हणजे बंदुकीच्या खांद्याला टेकवायच्या लाकडी भागाचा, प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण नवी मुले इथेच अडतात. आमच्या घरातली एक मुलगी ट्रॅप नेमबाजी, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या छर्ऱ्याने टिपण्याचा खेळ, शिकते आहे. भोपाळची राज्य नेमबाजी अकादमी उभी राहिल्यापासून मध्य प्रदेशातली मुले-मुली या खेळात पुढे आली, मनीषा कीर तिथलीच. ट्रॅपमध्ये 24 ग्रॅम छर्ऱ्याचे काडतूस असते. पण दस्ता अंगाला बसला नसेल तर तेवढाही धक्का गालाला आणि खांद्याला जाणवतो, आणि डोळा नळीच्या रेषेत येत नाही. मोठ्या पुरुषाच्या मापाचा दस्ता मुलीसाठी आखूड करून मागे रबरी पॅड बसवणे हे लाकडाचे काम, त्यात नळीला हातही लागत नाही. मग हे काम कलम 5 मधल्या दुरुस्तीत मोडते का? सुतार करू शकतो का, की परवानाधारक कारीगरच हवा? एक जण म्हणतो बिनधास्त करा, दुसरा म्हणतो तुरुंगात जाल. याचे उत्तर कलेक्टर कार्यालयाने लेखी द्यावे, म्हणजे पालकांना भोपाळ किंवा दिल्लीच्या वाऱ्या कराव्या लागणार नाहीत. माझ्या समजुतीप्रमाणे बंदूक ताब्यात ठेवून घेऊन काम करायचे असेल तर परवाना हवाच. माझी समजूत ठाण्यात चालत नाही, आपल्या सहीचा कागद चालतो.

विश्वासाचा मिस्त्री कसा ओळखावा, हे आमच्या पिढीला साधारण माहीत आहे. तो आधी तुमचा परवाना मागतो आणि त्यावरचा नंबर बंदुकीवरच्या नंबराशी ताडून पाहतो. रजिस्टरमध्ये नोंद करतो. पावतीवर काय काम करायचे ते लिहितो. नळी आतून उजेडात बघितल्याशिवाय भाव सांगत नाही. नंबर पुसट झालाय, तो घासून नवा टाकून द्या असे कोणी म्हणाले तर हात जोडतो, कारण ओळखखुणा पुसणे हाही गुन्हा. आणि मालक स्वतः येऊ शकत नसेल तर चिठ्ठी मागतो. दुरुस्तीसाठी बंदूक मालकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्या माणसाला नेता येते, अशी सोय कलम 3 मध्येच आहे. कायदा करणाऱ्यांना बंदुका बिघडतात हे 1959 मध्येही ठाऊक होते, हे पाहून मला बरे वाटले.

आपल्याच व्यवस्थेमुळे होणारी बिघाडी मात्र मला सांगायलाच हवी. निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रे जमा करून घेतली जातात. 2023 ची विधानसभा झाली, पाठोपाठ 2024 ची लोकसभा, आणि त्याआधी 2022 ची महापालिका निवडणूक तर ऐन जुलैच्या पावसात. ठाण्याच्या मालखान्यात भिंतीला टेकवून ठेवलेली, तेलाचा हात न लागलेली दुनळी परत येते तेव्हा नळीत तांबूस पापुद्रा धरलेला असतो. मग मिस्त्री शोधावा लागतो तो त्या मालकाच्या हौसेपायी नाही. शस्त्र जमा करण्याला विरोध नाही, पण जमा करताना बंदुकीची अवस्था पावतीवर लिहावी आणि परत देताना ती पुन्हा पाहावी, एवढे ठाण्यांना सांगता येईल.

यादीकडे परत येतो. ती द्यायला नवा नियम लागत नाही. माहिती अधिकार अधिनियम 2005 च्या कलम 4 मध्ये, प्रत्येक कार्यालयाने आपण दिलेल्या सवलती, परवाने व अधिकारपत्रे कोणाला दिली त्यांचा तपशील आपणहून जाहीर करावा, असे आहे. बंदूक बाळगणाऱ्यांची नावे जाहीर करा असे मी म्हणत नाही, ती करूही नयेत, चोरांना आयती यादी मिळेल. दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्याचे दुकान मात्र उघड्या रस्त्यावर असते. दुकानाचे नाव, पत्ता, परवान्याचा प्रकार, मुदत आणि मंजूर कामे अशी पाच रकान्यांची यादी पुरेल. ज्यांचे परवाने नुसते विक्रीचे आहेत, त्यांच्यापुढे तसे स्पष्ट लिहावे. जिल्ह्यात दुरुस्तीचा परवानाधारक एकही नसेल, तर तेही छापावे आणि जवळच्या जिल्ह्यातला सांगावा. लायक कारीगराने अर्ज केला असेल तर तो मार्गी लागावा. त्याला कायद्याच्या आत घेतले नाही तर तो बाहेर काम करणारच.

विशेष सशस्त्र दलाच्या तुकड्या याच शहरात आहेत, त्यांच्याकडे आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारे, आहेत. वर्षातून एकदा परवानाधारकांसाठी नुसते तपासणी शिबिर घेता आले तर पाहावे. दुरुस्ती नको, गेज घालून चेंबर मोजायचे, नळी बघायची, आणि ही बंदूक चालवू नका किंवा अमुक लांबीचेच काडतूस घाला एवढे कागदावर लिहून द्यायचे. नूतनीकरण आता पाच वर्षांनी होते, त्या वेळी हा कागद जोडायला सांगितले तरी चालेल. दहा झाडांपेक्षा त्याचा बंदुकीशी संबंध जास्त आहे.

दसऱ्याच्या आधी घरोघरी बंदुका पुसायला निघतात आणि बिघाड तेव्हाच लक्षात येतात, म्हणून यादी भाद्रपद संपायच्या आत लागली तर उपयोगी पडेल. संकेतस्थळावर टाकायला वेळ लागणार असेल तर शस्त्र शाखेच्या बाहेरच्या फलकावर चिकटवली तरी आमचे काम होईल.

आपला,
लष्करातला एक परवानाधारक