अक्कलदाढेच्या किटमधले मराठी पत्रक : ४० किट परत घेण्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : दाढ काढल्यानंतर पेशंटला द्यायच्या किटमधील चुकीच्या सूचना व अयोग्य साहित्य

महोदय,

धरमपेठेतील आमच्या दंतचिकित्सालयासाठी आपल्याकडून ४० किट घेतले. पहिलाच बॉक्स उघडून पत्रक वाचले आणि बाकीचे ३९ कपाटात बंद करून ठेवले. एकही किट पेशंटला दिलेले नाही, देणारही नाही.

पत्रकाची इंग्रजी बाजू ठीक आहे. मराठी बाजूची तिसरी ओळ अशी : ‘कोमट मीठपाण्याच्या गुळण्या २४ तासांपर्यंत कराव्यात.’ हवे होते ‘२४ तासांनंतर’. ‘नंतर’च्या जागी ‘पर्यंत’ आले आणि जे पहिल्या दिवशी मुळीच करायचे नाही, तेच पहिल्या दिवसाचे काम होऊन बसले. इंग्रजी वाचणारा वाचेल. मराठी वाचणारा, तुमच्यावर विश्वास ठेवून, घरी जाताच मीठ-पाणी गरम करायला घेईल.

ही छपाईची किरकोळ चूक नव्हे. दाढ निघाल्यावर खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. उघड्या हाडावरचे आणि मज्जातंतूंच्या टोकांवरचे तेच झाकण, नवे ऊतकही त्यातूनच भरत येते. जोरात चूळ भरली, पुन्हा पुन्हा थुंकले किंवा तोंडाने काही ओढून प्यायले, की ती सुटते. मग ड्राय सॉकेट, म्हणजे गुठळीविना उघडा पडलेला खड्डा. खालच्या अक्कलदाढेत त्याचे प्रमाण जास्त. दुखणे उतरायला हवे त्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते उलट वाढते, कानापर्यंत ठणका जातो, तोंडाला घाण वास येतो आणि साध्या गोळीला दाद देत नाही. घरी त्यावर इलाज नाही. दवाखान्यात येऊन खड्डा धुवून औषधाची पट्टी भरून घ्यावी लागते.

आणि याच किटमध्ये आपण दोन स्ट्रॉ घातल्या आहेत, ‘द्रव आहारासाठी’! पेशंटला वाटी-चमचा पुरतो. पहिल्या दिवशी गार किंवा कोमट, मऊ आणि बिनतिखट : दही-भात, घोटलेली खिचडी, ताक. तर्री आठवडाभर थांबू शकते.

कापसाचे बोळे तर काढूनच टाका. कापसाचे तंतू गुठळीत अडकतात आणि बोळा काढताना तिलाही ओढून आणतात. तिथे घट्ट विणीचा निर्जंतुक गॉझ हवा, ओला करून पिळलेला, घडी घालून नेमका खड्ड्यावर बसेल एवढा. तो ३० ते ४५ मिनिटे दाबून धरायचा, मधे उचलून बघायचे नाही. आपले पत्रक म्हणते, ‘रक्त थांबेपर्यंत दर पाच मिनिटांनी बोळा बदला.’ दर पाच मिनिटांनी ओढल्यावर ते थांबणार कसे? पहिला दिवसभर लाळ गुलाबी येते, ते चालते. थोडेसे रक्त लाळेत मिसळले की तोंडभर वाटते. तोंड पुन्हा पुन्हा रक्ताने भरत असेल तर नवा ओला गॉझ ३० मिनिटे दाबायचा, तरीही वाहत राहिले तर लगेच डॉक्टरांना फोन.

‘धूम्रपान टाळा’ एवढ्यावर नागपुरात भागत नाही. इथला पेशंट अगदी खरेपणाने सांगतो, ‘मी सिगारेट ओढत नाही,’ आणि खिशात खर्ऱ्याची पुडी असते. सुपारीचे कण आणि तंबाखू जखमेत जातात, त्यावर दर पाच मिनिटांची पिचकारी. पत्रकात स्पष्ट छापा : खर्रा, तंबाखू, सुपारी, बिडी, सिगारेट किमान ७२ तास बंद, जमल्यास आठवडाभर. ‘खर्रा’ हा शब्द नसेल तर विदर्भात ती ओळ कोणी स्वतःला लावून घेणार नाही.

क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के या जंतुनाशक माउथवॉशची बाटली दिली ते बरे, पण ‘ब्रश केल्यावर लगेच वापरा’ हे चूक आहे. टूथपेस्टमधल्या फेस आणणाऱ्या घटकाने त्याचा परिणाम कमी होतो. मधे निदान अर्धा तास जायला हवा. तेही २४ तासांनंतर. वाकड्या टोकाची १२ मिलिलीटरची सिरिंज ही या किटमधली खरी विचार करून घातलेली वस्तू. पण तिने खड्डा धुणे साधारण पाचव्या-सहाव्या दिवसानंतर, डॉक्टरांनी सांगितल्यावर सुरू करायचे. पत्रकात दिवसच छापलेला नाही, म्हणजे उत्साही पेशंट पहिल्याच रात्री गुठळीवर पाण्याची धार सोडणार.

बर्फाबद्दल ‘सतत ठेवा’ लिहिले आहे. कापडात गुंडाळून १५-२० मिनिटे, मग तेवढाच वेळ विश्रांती, असे पहिल्या दिवशी पुरे. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते हे आधीच छापले, तर पेशंट घाबरत नाही. ‘दुखल्यास कोणतीही वेदनाशामक गोळी घ्या’ हे वाक्य मात्र खोडाच. घरातली अ‍ॅस्पिरिन घेतली तर रक्तस्राव वाढू शकतो. आणि दोन औषधे एकत्र असलेल्या वेदनाशामक गोळीत बरेचदा पॅरासिटामॉल आधीच असते. वर वेगळी पॅरासिटामॉल घेतली की मात्रा दुप्पट होऊ शकते.

धोक्याच्या खुणा तर पत्रकात कुठेच नाहीत. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, हनुवटीखाली वा मानेत पसरणारी सूज, ताप, दिवसेंदिवस कमी उघडणारे तोंड, भूल उतरून गेल्यावर दुसऱ्या दिवशीही बधिर असलेला ओठ. पहिल्या दोन खुणांत सकाळची वाट बघायची नसते, थेट रुग्णालय गाठायचे. आमचे पेशंट दाढ काढून काटोल, उमरेड, रामटेकला परततात. रात्री अकराला त्यांच्या हातात हाच कागद असतो. त्यावर दवाखान्याचा फोन लिहायला एक रिकामी चौकटही नाही.

आपल्या कस्टमर केअरला फोन केला तेव्हा ‘पत्रक केवळ मार्गदर्शनासाठी आहे’ असे उत्तर मिळाले. आमची तक्रार मार्गदर्शनाबद्दलच आहे.

४० किट आपल्या खर्चाने परत न्यावेत आणि पूर्ण रक्कम १५ दिवसांत खात्यात जमा करावी. या बॅचचे किट ज्यांना विकले त्या सर्व दवाखान्यांना तिसऱ्या ओळीबद्दल आजच कळवावे. पैशांना उशीर झाला तर एक वेळ चालेल, याला नाही. नवे मराठी पत्रक मराठी वाचणाऱ्या मुखशल्यचिकित्सकाकडून तपासल्याशिवाय छापू नये. मुदतीत लेखी उत्तर न आल्यास हेच पत्र अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयात देऊ.

सोबत बिलाची प्रत आणि पत्रकाच्या दोन्ही बाजूंचे फोटो जोडले आहेत. तिसरी ओळ लाल शाईने अधोरेखित केली आहे.

आपले,
दंतचिकित्सालयातील डॉक्टर व कर्मचारी
धरमपेठ, नागपूर