एका चुलीचा हिशेब पानांवर मांडा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वन-रूम-किचनमध्ये आठ-नऊ माणसं, कमावते दोघे-तिघे आणि चूल एकच, अशी घरं डोंबिवली, कल्याण, विरारपासून पिंपरी-चिंचवडपर्यंत गल्लोगल्ली आहेत. जागांचे भाव पाहता ती एवढ्यात वेगळी होणारही नाहीत. या घरांत भांड्याला भांडं लागतं ते बहुतेक वेळा स्वयंपाकघराच्या पैशांवरून. मोठ्यानं इतके द्यायचे, धाकट्यानं इतके, असा आकडा कधीतरी ठरतो. पुढे धाकट्याचं लग्न होतं, मूल होतं, मोठ्याची मुलं डबे घेऊन शाळेत जायला लागतात, तेला-डाळीचे भाव कुठल्या कुठे जातात, पण आकडा तोच राहतो. तो कशावरून ठरला होता हे कुणालाच सांगता येत नाही आणि मग ज्याला त्याला आपणच जास्त भरतो असं वाटायला लागतं. बचत गटाचं दप्तर लिहिणाऱ्या आम्हा काही जणींचं म्हणणं असं, की गटाचा हिशेब जितक्या काटेकोरपणे लिहिला जातो तितकाच घरच्या चुलीचाही लिहिता येतो. त्याची रीत इथे देत आहोत.

खाण्याचा खर्च माणसांवर नाही, पानांवर वाटावा. बारा वर्षांपुढच्या प्रत्येकाचं पूर्ण पान, सहा ते बारा वर्षांच्या मुलाचं पाऊण, दोन ते सहाच्या मुलाचं अर्धं. दोनच्या आतलं बाळ धरू नये. म्हातारी माणसं कमी जेवतात म्हणून त्यांचं पान कमी करण्याचा मोह होतो. तो टाळावा. त्यांच्या दुधात, फळांत तो फरक भरून निघतो, शिवाय ते त्यांच्या मनाला लागतं ते वेगळंच.

उदाहरणादाखल नऊ माणसांचं घर घेऊ. आजी-आजोबांची दोन पानं. मोठा मुलगा, त्याची बायको, चौदा आणि नऊ वर्षांची मुलं, अशी पावणेचार. धाकटा मुलगा, त्याची बायको आणि चार वर्षांची मुलगी, अशी अडीच. एकूण सव्वाआठ पानं. वाणसामान, दूध, भाजी, मासळी-अंडी आणि गॅस धरून महिन्याचा खर्च १९,८०० रुपये झाला, तर पानाला २,४०० रुपये पडले. मोठ्याचे ९,०००, धाकट्याचे ६,००० आणि आजी-आजोबांचे ४,८००.

हे ४,८०० मात्र पानांवर वाटायचे नाहीत. आई-वडिलांचा खर्च, त्यांची औषधं, घराचं मेंटेनन्स हे मिळकतीच्या प्रमाणात वाटणंच न्यायाचं. मोठ्याचा पगार धाकट्याच्या दुप्पट असेल तर त्यानं ३,२०० आणि धाकट्यानं १,६०० द्यावेत. म्हणजे मोठ्याकडून महिन्याला १२,२०० आणि धाकट्याकडून ७,६००. खाणं तोंडांवर आणि जबाबदारी मिळकतीवर, हे दोन हिशेब एकत्र कालवले की पुढची दहा वर्षं कुरबुर चालते. वडिलांचं पेन्शन असेल आणि त्यांना स्वतःचे पैसे घालायचे असतील तर घालू द्यावेत, पण त्या पैशांच्या भरवशावर आकडा बांधू नये.

आता सर्वांत अवघड भाग. धाकटी सून नोकरी सोडून दोन्ही वेळचा स्वयंपाक, डबे, निवडणं-टिपणं सगळं करते आणि मोठी कामावर जाते, अशा घरात वरचा हिशेब अन्यायाचा आहे. धाकट्याच्या घरात एकच पगार, आणि त्यातून अख्ख्या घराला रांधणाऱ्या बाईच्या जेवणाचे पैसेही द्यायचे! आमचा आग्रह असा, की जी पूर्णवेळ चूल सांभाळते तिचं पान वाटणीत धरू नये. १९,८०० ला सव्वासात पानांनी भागावं. पानाला सुमारे २,७३१ रुपये पडतील. मोठ्याच्या पावणेचार पानांचे १०,२४१ होतील आणि धाकट्याच्या उरलेल्या दीड पानाचे ४,०९७. आजी-आजोबांच्या पानांचा वाढलेला वाटा वजा जाता धाकट्याचे वाचलेले सुमारे १,७०० रुपये त्याच्या खिशात राहू नयेत, ते तिच्या हातात पडावेत. स्वयंपाकाला बाई लावायची म्हटलं तर काय द्यावं लागेल याची चौकशी करून पाहावी, म्हणजे हा आकडा किती लहान आहे ते कळेल.

कुणी गावी गेलं की खाडे धरावेत, पण बेतानं. गिरणगावातल्या खाणावळींपासून मेसपर्यंत खाडे कापण्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. घरात मात्र एक-दोन दिवसांचे खाडे मोजायला लागलं की घराची मेस होते. सलग चार दिवसांपेक्षा जास्त बाहेर असेल तरच खाडा, आणि तोही अर्ध्या दरानं, कारण चार माणसं नसली तरी कुकर लागतो, फोडणी पडते, दूधही तेवढंच कमी होत नाही. २,४०० रुपयांचं पान दिवसाला ८० रुपये पडतं, तर खाड्याचे ४० कापावेत. मोठ्याचं पावणेचार पानांचं कुटुंब दहा दिवस गणपतीला गावी गेलं तर १,५०० रुपये पुढच्या महिन्यात वळते होतील. पाहुण्यांची पानं कधीही कुणा एकाच्या नावावर टाकू नयेत. हिच्या माहेरचे आले, त्याचे मित्र आले, हा हिशेब सुरू झाला की वही फाडून टाकायची वेळ येते.

वही साधी दोनशे पानी चालते. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च, आणि खर्चाला पाच रकाने: वाणसामान, दूध, भाजी-मासळी, गॅस, वरखर्च. पगार एक ते सात तारखेत होतात, म्हणून सात तारखेपर्यंत ज्याचा त्याचा वाटा जमा व्हावा. अंदाजानं आधी भरावं आणि फरक महिनाअखेरीस पुढे ओढावा. महिना संपताना डब्यांत काय शिल्लक आहे तेही एका ओळीत टिपावं: तेल दीड लिटर, तांदूळ चार किलो, असं. ही ओळ नसेल तर एप्रिलमध्ये मिरची-हळद भरली म्हणून महिना महाग दिसतो, मे स्वस्त दिसतो आणि दोन्ही आकडे फसवे निघतात.

पैसा गळतो तो वरखर्चाच्या रकान्यात. कोथिंबीर दहाची, पाव, लिंबं, संध्याकाळी अचानक लागलेली दुधाची पिशवी, इडलीचं पीठ, सिलिंडर वर आणून देणाऱ्याला दिलेले पैसे. हे सगळं जी व्यक्ती दिवसभर घरी असते तिच्याच पाकिटातून जातं. बहुतेक वेळा ती आजी असते नाहीतर न कमावणारी सून. दिवसाला चाळीस-पन्नास रुपये धरले तरी महिन्याचे बाराशे ते पंधराशे होतात, आणि ते कुणाच्याच हिशेबात येत नाहीत. म्हणून एक तारखेला वरखर्चाचे १,५०० रुपये सुट्ट्यांसह एका डब्यात वेगळे ठेवावेत. डबा संपला की सांगायचं. यात मागण्याची लाज उरत नाही.

दुसरी गळती मोबाइलमधून होते. मोठा ऑफिसातून येताना अ‍ॅपवर पोहे मागवतो, धाकटी दुपारी वाण्याकडून आणते आणि कपाटात पोह्यांची तीन फोडलेली पाकिटं निघतात. पावसाळ्यात त्यातल्या एकाला तरी जाळी धरतेच. खरेदी एकाच्याच हातून व्हावी. बाकीच्यांनी फ्रिजवरच्या कागदावर 'संपत आलं' एवढं लिहावं, तेही आठवडाभराचा साठा उरलेला असताना. वाण्याकडे उधारीचं खातं असेल तर त्याला स्पष्ट सांगावं, की अमुक एका माणसाशिवाय कुणालाही खात्यावर देऊ नका. नाहीतर शाळेतून येणारी मुलं वेफर्सची पाकिटं खात्यावर लिहून आणतात आणि महिन्याच्या शेवटी ते 'किराणा' म्हणून सगळ्यांच्या माथी बसतं.

किती लागतं याचा अंदाज हातात असला की फुगलेला आकडा लगेच ओळखू येतो. एक किलो कणकेच्या मध्यम आकाराच्या तीस ते बत्तीस पोळ्या होतात. डबे धरून नऊ माणसांना रोज एक किलोच्या आसपास कणीक लागते, म्हणजे महिन्याला बत्तीस-पस्तीस किलो गहू. गिरणीतून एका वेळी दहा किलोच दळून आणावं. जास्त दळलं तर पावसाळ्यात पिठात अळ्या होतात आणि चाळून टाकलेलं पीठ कुणी मोजत नाही. सगळ्या डाळी-कडधान्यं मिळून पानाला महिना एक किलो. तेल पानाला सहाशे मिलिलिटर, म्हणजे पाच लिटरचा डबा महिनाभर पुरला पाहिजे. विसाव्या दिवशी तळ दिसला तर तळण किती झालं ते आठवावं. मोठा डबा घेताना १५ किलो आणि १५ लिटर यांत गल्लत होते. लिटरभर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम असतं, त्यामुळे १५ लिटरच्या डब्यात जेमतेम साडेतेरा किलोच्या वर तेल असतं. पाकिटांवरही आता ग्रॅमचा किंवा किलोचा भाव छापलेला असतो. एमआरपीपेक्षा तो वाचावा, कारण ८५० ग्रॅमची पिशवी किलोची समजून घेतली जाते.

दुधाचा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा. सहा मोठ्यांचे दोन वेळचे चहा मिळून एक लिटर, तीन मुलांचे दोन वेळचे पेले सव्वा लिटर, विरजणाला अर्धा: एकूण पावणेतीन. अर्ध्या लिटरच्या पाच पिशव्या रोज आणि सहावी दिवसाआड, एवढ्यात भागतं. कालनिर्णयच्या चौकोनात दुधाचे खाडे लिहायची सवय बहुतेक घरांत आहेच, तिथेच सहाव्या पिशवीची खूण करावी.

वर्षाचं धान्य एकदम भरणं या घरांना परवडत नाही, ते जागेमुळे. नऊ माणसांचा वर्षाचा गहू चारशे किलोच्या घरात जातो, तो पलंगाखाली मावत नाही. पण एप्रिल-मेमध्ये नवा गहू आलेला असताना पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरता एकशेतीस-एकशेचाळीस किलो घेणं जमतं. दोन दिवस उन्हं द्यावीत आणि धान्य पूर्ण निवल्यावरच पत्र्याच्या कोठीत भरावं. गरम धान्य झाकलं की आत घाम धरतो आणि किडीला तेच हवं असतं. वरून कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. लहान मुलं असलेल्या घरात तांदळाला बोरिक पावडर चोळणं नकोच. या साठवणीसाठी, गणपतीसाठी आणि दिवाळीच्या फराळासाठी पानाला महिना २०० रुपये वेगळे टाकावेत. सव्वाआठ पानांचे वर्षाला १९,८०० रुपये जमतात, म्हणजे पूर्ण एका महिन्याचा खर्च. हे पैसे भिशीत घालू नयेत. नंबर कधी लागेल याचा भरवसा नसतो आणि गहू मेमध्येच घ्यायचा असतो.

अन्न वाया जातं ते रात्रीच्या जेवणात. कुणी उशिरा येतो, कुणी बाहेर खाऊन येतो आणि भात उरतो. संध्याकाळी सहापर्यंत घराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'रात्री पान नाही' एवढं कळवण्याचा नियम सगळ्यांना, अगदी घरातल्या कर्त्या पुरुषालाही, लागू असावा. आणि तांदळाच्या डब्यात एकच ठरावीक वाटी ठेवावी. दोघी जावा आळीपाळीनं रांधत असतील तर प्रत्येकीची मूठ वेगळी असते.

सरकारी लाभांचं दोन ओळींत सांगतो. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यातल्या प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. लग्न होऊन आलेल्या सुनेचं आणि नव्या बाळाचं नाव कार्डावर चढवायचं राहिलं तर तेवढं धान्य दर महिन्याला बुडतं. मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेतल्या वर्षाच्या तीन सिलिंडरसाठी जोडणी स्त्रीच्या नावावर असण्याची अट आहे. सासऱ्यांच्या नावावरची जुनी जोडणी तशीच ठेवणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यावं. सिलिंडरचे पैसे सामाईक वहीतून गेले असतील तर त्याची खात्यावर आलेली परतफेड वहीत जमा दाखवावी. लाडकी बहीणचे १,५०० रुपये मात्र त्या बाईचे आहेत. 'तुला मिळतातच की' म्हणून तेवढा वाटा कमी करण्याची रीत काही घरांत सुरू झाली आहे. ती चुकीची आहे, आणि सासूनंच ती पहिल्यांदा बंद पाडावी.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणी. बाजारभाव छापून येतात ते घाऊक, क्विंटलचे. घरात त्याचा उपयोग होत नाही. दर शनिवारी गहू, कोलम, तूरडाळ, मूगडाळ, शेंगदाणा आणि सोयाबीन तेल, साखर, कांदा, बटाटा, अंडी एवढ्या दहा जिनसांचे किलोचे, लिटरचे आणि डझनाचे किरकोळ भाव मुंबई उपनगर, ठाणे-कल्याण आणि पुणे अशा तीन रकान्यांत द्यावेत. शेजारी मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याचा भाव असावा, म्हणजे पानाचा दर केव्हा वाढवायचा यावर घरात वाद होणार नाही. भाव कुठल्या बाजारात, कुठल्या दिवशी घेतले तेही तळाशी छापावं.

आपल्या,
बचत गटाच्या काही हिशेबनीस, डोंबिवली (पूर्व)