कोंबडी खत घमेल्याने नको, स्फुरदाच्या हिशेबाने द्या : फलोत्पादन मंत्र्यांना खुले पत्र

मा. फलोत्पादन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

घाटावरून कोकणात येणाऱ्या कोंबडी खताच्या पोत्यावर बहुतेक वेळा काहीच छापलेले नसते. काजूच्या बागेत ते शेणखतासारखेच घमेल्याने पडते, आणि गणित तिथेच फसते.

पूर्ण वाढलेल्या काजूच्या एका झाडाला वर्षाला १ किलो नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) व पालाश (पोटॅशियम) प्रत्येकी २५० ग्रॅम, ही शिफारस. कुजलेल्या कोंबडी खतात मात्र नत्र आणि स्फुरद जवळपास सारखेच, अडीच टक्क्यांच्या आसपास. सगळे नत्र त्यातूनच द्यायचे म्हणून झाडाला ४० किलो टाकले, की स्फुरद चौपट जातो. जांभ्या जमिनीत तो अडकून बसतो, जस्त उचलायला अडचण होते, आणि उतारावरची माती धुपली की तिच्याबरोबर पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, जातो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत पाइनच्या लागवडीत हे खत पसरतात; नत्रावर हिशेब केला की स्फुरद साचतो, हा धडा तिथेही आहेच.

म्हणून झाडाला १० किलो पुरे. त्यातून स्फुरद भागतो, २५० ग्रॅम नत्रही मिळते. उरलेले नत्र १.६ किलो युरियातून द्यावे, पालाशची थोडी तूट पोटॅश खताने भरावी.

ताजे खत तर नकोच. त्यातल्या युरिक आम्लाचा अमोनिया होतो, कलमांची पांढरी मुळे जळतात, पाने कडेने करपतात आणि दोष रोपवाटिकेला लागतो! दीड मीटर उंचीचा ढीग छपराखाली रचावा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी गळू नये, इतकाच ओलावा. दर आठ-दहा दिवसांनी ढीग वरखाली करत राहावे. आत खुपसलेली पहार गरम निघायची थांबली आणि नाकाला झोंबणारा वास गेला, की खत तयार. साधारण दोन महिने लागतात. ढिगात चुना टाकू नये, नत्र उडून जाते. पावसाचा जोर ओसरल्यावर झाडाच्या विस्ताराखाली, उताराच्या वरच्या बाजूला अर्धगोल चर काढून खत मातीने झाकावे.

खतांच्या दर्जाचे नियम घालणारा खत नियंत्रण आदेश केंद्राचा असला, तरी अनुदानाच्या अटी राज्याच्या हातात आहेत. फळबाग योजनांत कोंबडी खत घ्यायचे, तर पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश, ओलावा आणि कुजवणी संपल्याची तारीख छापलेली हवी. माती परीक्षणात स्फुरद भरपूर निघालेल्या बागेला ते त्या वर्षी देऊच नये. या दोन अटी येत्या हंगामाआधी घालाव्यात.

आपले,
कोकणातील काजू बागायतदार