भिंत पुसायला घेतलीय

प्रिय सुमे,

आठ महिने पत्र नाही, तेव्हा शिव्या खायला तयार आहे. गुडघा तसाच, बी.पी.ची गोळी चालू. तुझी लेक नोकरीला लागली म्हणे, पेढे पाठव.

आणि २०१२ सालचं ते भांडण तू जिंकलीस. घे, लिहून दिलं.

परवा समाजमंदिरात बायकांची बैठक होती. मी तुझ्याच सुरात कायदा सांगत होते: १९७१ पासून गर्भपात कायदेशीर आहे, २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, १८ वर्षांवरच्या बाईची एकटीची सही चालते, संमतीच्या फॉर्म सी वर. मागून एक पोरगी म्हणाली, "मग मला नवऱ्याची का मागितली?" पदरात दोन लेकरं, सातवा आठवडा, नवरा ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस घरी नाही. दवाखान्यातून परत धाडली. मग कुणाकडून तरी गोळ्या आणल्या, आठ दिवस अंगावर जात राहिलं. घरात सांगितलं, पाळी आहे.

"अगं, माझ्याकडे का नाही आलीस?"

तिनं खिडकीतून शाळेच्या भिंतीकडे बोट केलं. "तुम्हीच लिहिलंय ना."

गेरूची अक्षरं, सुमे. 'भ्रूणहत्या महापाप.' तू कंठशोष करून सांगत होतीस, लिंगनिदानाविरुद्ध लिही, पण 'हत्या' नको, हा शब्द उद्या बाईवरच उलटेल. मी म्हटलं, पुण्यात शिकून आलीस म्हणून फार कळतं काय! तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी येऊन माझा ऱ्हस्व 'भ्रु' तेवढा दीर्घ करून गेलीस. तो ऊकार अजून ठसठशीत आहे, म्हणजे पापात तूही वाटेकरी.

रात्रभर झोप नाही. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ठरावीक बायकांना मिळणाऱ्या २० ते २४ आठवड्यांच्या सवलतीत अविवाहित बाईलाही धरलं, तेव्हा आपण फोनवर किती ओरडलो होतो! पण हक्क म्हणून बाईनं मागावं असं कायद्यात अजून कुठे आहे? डॉक्टरला पटलं तर. गर्भपात गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेचं ३१२ कलम जाऊन नव्या न्यायसंहितेत ८८ आलं, पण गुन्हा तो गुन्हाच, त्यातून सूट तेवढी. बदल मागणारं निवेदन लिहायला बसले, तर पहिल्याच ओळीला ती भिंत आडवी येते.

हेडमास्तरांनी पुसायला परवानगी दिलीय, वर 'सुविचार लिहा' म्हणाले. चुन्याचा एक हात झालाय, तरी 'हत्या' खालून दिसतेच. उद्या दुसरा देते. मजकूर तू पाठव. चार ओळींत बसव, अर्धी भिंत पाण्याच्या टाकीनं खाल्लीय. आणि शुद्धलेखन आधीच तपास.

तुझी,
मंदा